उत्तममामाची गोळी

उत्तममामा फोनवर जांभया देत होता. एक झाली की लगेच दुसरी. मधूनच नाक ओढत होता आणि म्हणत होता, "थंडी लय पडली वं इकडं, सर्दी झाली मले." झोप न झालेला माणूस जांभया देतो, थंडीत नाकही वाहतं. पण मामाचा कर्करोग हाडांमध्ये पसरला होता आणि गेले काही महिने तो मॉर्फिनच्या गोळ्यांवर होता. त्या गोळ्यांनी माणूस सुस्तावतो, त्याचं पोट बांधलं जातं. नाक वाहणं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा आणि या अशा जांभया, ही सगळी गोळी अचानक थांबल्याची लक्षणं.

"मामा, गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

"हाव हाव. तुह्यं कसं चाललं?" असं म्हणून त्याने फोन मामीच्या हातात दिला. मामी एवढंच म्हणाली, "एकदा येऊन जाय माय."

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. नावाआधी डॉक्टर लागतं, पण औषध लिहून देणारी डॉक्टर मी नाही. आम्ही वेदनेच्या पेशी पाहतो. मेंदूच्या बुडाशी, मधोमध, एका बारीक नळीभोवती पेशींचा एक पुंजका असतो. तिथून पाठीच्या कण्याकडे निरोप जातो की वेदना फार वर येऊ देऊ नका. म्हणजे दुखणं दाबायची सोय शरीरात आधीपासूनच आहे. पण या पेशींना दुसऱ्या काही पेशी सतत गप्प बसवून ठेवतात. मॉर्फिन तिथे पोचलं की त्या गप्प बसवणाऱ्या पेशींचीच बोलती बंद करतं. मग वेदना दाबणाऱ्या पेशी मोकळ्या होतात आणि आपल्या कामाला लागतात.

हे आम्ही उंदराच्या मेंदूच्या पातळ कापात पाहतो. एकाच पेशीला केसाहून बारीक काचेची नळी लावायची आणि पडद्यावर सरकणारी रेषा बघत बसायचं. गप्प बसवणारा निरोप आला की रेषेत एक खळगा पडतो. औषध सोडलं की खळगे विरळ होतात. पण ज्या उंदराला ते बरेच दिवस दिलेलं आहे, त्याच्या कापावरून औषध धुऊन टाकलं, की खळगे परत येतात ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. रेषेला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही.

मामाच्या जांभया ऐकल्यापासून ती रेषा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. हातातलं काम तसंच टाकून मी त्याच दिवशी बसमध्ये बसले.

साखरखेर्डा

सरळ मामाकडे न जाता मी आधी साखरखेर्ड्याला उतरले, कारण मामाची मुलगी शीला तिथे दिलेली आहे आणि मामीच्या तोंडून जे निघत नाही ते शीलाच्या तोंडून आपोआप निघतं. तिच्या घरी भाजीपाल्याचा व्यापार. बाजाराचा दिवस होता. ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग, त्यावर ओलं पोतं, आणि वासाने सगळं घर भरलेलं. पुण्यात आपण कोथिंबीर काडी काडी पाहून घेतो. इथे तिच्यावरून ओलांडून आत जावं लागतं.

शीलाच्या सासूबाईंचं माहेर जालन्याकडचं. त्यांची बोली शीलाहून वेगळी पडते. "आवो बसा की जराशा. आल्या आल्या कुठं निघालाव?" असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. एरवी मी या भरतासाठी दोन बस बदलून आले असते. त्या दिवशी घास तोंडातच फिरत राहिला. पाटावर बसल्या बसल्या माझा एक पाय सारखा हलत होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि काही न बोलता भरताची वाटी आणखी जवळ सरकवली.

शीलाने मला परसात नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

मामाचं गाव अमडापूरच्या पुढे, रस्ता सोडून आत. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, ते का हे पुढे कळेलच. तरुणपणी मामाने गावातल्या बायांना सोबत घेऊन हातभट्टी बंद पाडली होती. नुसती बंद पाडून तो थांबला नाही. जे पिणारे होते त्यांच्या घरी जाऊन बसायचा, त्यांचे हातपाय थरथरायचे तेव्हा त्यांना धरून ठेवायचा. गळ्यात माळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आता गावातल्या भास्कर नावाच्या माणसाला बिअरचं दुकान काढायचं होतं. मामाने खाटेवरून उठून त्याला विरोध केला आणि ग्रामसभा ठरली.

"तं तो भास्कर पारावर चारचौघात काय म्हने," शीला म्हणाली, "आमच्या दुकानाले नाई म्हन्तेत, अन् उत्तमराव सोता घरात बसून अफू खाऊन राह्यले. दवाखान्यातली गोळी म्हंजे अफूच असते, विचारा कोनाले बी. आमच्या आबाच्या कानावर आलं ते. त्या दिवसापासून गोळी बंद."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मलेच मायनं काल सांगतलं, बाई. तिले शपथ घातली व्हती आबानं."

शीला लगेच माझ्यासोबत निघाली. बस चिखलीला जाऊन बदलायची होती. चिखलीच्या स्टँडवर ती बाकावर बसली आणि मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. एक आजीबाई मला म्हणाल्या, "काय हरवलं का वं पोरी?" मी नाही म्हटलं आणि पुन्हा चालायला लागले.

अमडापूरच्या पुढे

अमडापूर गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा लागतो. घाटे भरत आले होते. तुरी निघून गेलेल्या शेतांत खुंट उभे. उतरत्या उन्हात हे सगळं फार सुंदर दिसत असणार. मी पाहिलं ते अमडापूरहून केलेल्या रिक्षाच्या दांडीला घट्ट धरून, हा अजून का हळू चालवतोय असं मनात म्हणत.

मामा अंगणात शेडखाली खाटेवर होता. होता म्हणजे, कधी उठून बसत होता, कधी आडवा होत होता, पाय जवळ घेत होता, लांब करत होता. घोंगडी अंगावर ओढायची, लगेच फेकायची. कपाळावर घाम आणि हातांवर शहारे, दोन्ही एकदम. मला पाहून हसला आणि त्याच हसण्यात त्याला जांभई आली.

"आली माय. बस." मग मामीला म्हणाला, "च्या टाक वं."

"मामा, काय करून घेतलंस हे?"

"काय नाई. हाडं ठनकतेत. पह्यल्यापेक्षा जरा जास्तीच." तो बोलता बोलता थांबला, दात आवळले, मग पुन्हा बोलला. "अन् पाय उगे राहात नाईत. जसं कोनी आतून वढून राह्यलं."

मामी चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिलंच नाही.

मला जे येतं ते मी करायला घेतलं. मामाच्या शेतात ठिबक आहे, वांगी आणि मिरची त्यावरच आहेत. मी म्हटलं, "हे बघ, दुखणं थंड करायला डोक्यातून पाणी खाली येतं असं समज. पाणी भरपूर आहे. पण कॉकपाशी एक माणूस बसलाय, तो कॉक दाबून धरतो. गोळी त्या माणसाला डुलकी आणते. कॉक सुटतो, पाणी येतं."

मामा ऐकत होता. इतक्या दुखण्यातही त्याच्या डोळ्यांत ती जुनी चौकशी आली. "मंग देवानं त्या मानसाले तिथं बसवलाच काऊन?"

"तो नसता तर पायात काटा मोडलेला कळला नसता. विस्तवावर हात पडला तरी कळलं नसतं."

"हाव, हे बराबर. मंग?"

"मंग बरेच दिवस गोळी खाल्ली की तो माणूस आतल्या आत जोर वाढवतो. गोळी आहे तोवर ते कळत नाही. एकदम थांबवलीस, की तो सगळा जोर लावून कॉक आवळतो. आजारानं दुखतंच, वर हे."

"उंदराले बी असंच होते?"

"हो."

"बिचारा," मामा म्हणाला. मग बराच वेळ पाय चोळत राहिला. "समजलं मले. चांगलं समजावून सांगतलं तुनं. पन एक सांग, ती गोळी अफूचीच हाये ना?"

त्याच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. "अफूपासूनच काढतात, मामा."

"मंग झालं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी उठून परसात गेले. लिंबाखाली उभी राहिले, विहिरीपर्यंत गेले, परत आले. मामी मागून आली, माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. गोळ्यांची पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती.

"उकिरड्यात टाक म्हन्ले. म्या डाळीत टाकल्या," मामी म्हणाली. "लगन झाल्यापासून पह्यल्यांदा त्यायचं आइकलं नाई म्या." आणि पदर तोंडाला लावून ती रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पुढे होऊन मी दार लोटलं.

दिवे लागायच्या वेळी सुपडाभाऊ आला. हा मामाच्या वयाहून थोडा लहान, अंगाने किडकिडीत, स्वतःची प्रवासी व्हॅन चालवतो. भट्टी बंद पडली तेव्हा गावातला सगळ्यात मोठा पिणारा हाच होता. मामाला पाहून तो खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला आणि मामाचं पाऊल हातात धरून नुसतं पाहत राहिला.

"दादा, हे तं मले झालं व्हतं," तो म्हणाला. "तुमी मले धरून बसले व्हते, आठोते का? असेच पाय. असाच घाम."

सुपडाभाऊ हे मायेनेच बोलला. पण मामाचा चेहरा जो पडला तो मी विसरणार नाही.

"म्हंजे मी बी तुह्यासारखाच झालो," मामा म्हणाला. "भास्कर खरंच बोल्ला मंग."

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. सवय होणं आणि व्यसन लागणं यांतला फरक मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कितीदा लिहिला असेन. पण सुपडाभाऊच आधी बोलला, आणि जरा रागानेच.

"माह्यासारखे कुठून होता बे तुमी!" 'बे' निघून गेलं तोंडातून, मग चपापला. "चुकलो दादा. पन आइका. मी प्यालो का घर सोडून जाओ. बायको कुठं, लेकरू कुठं, काई पत्ता नसे. तुमी गोळी खाऊन काय करत व्हते? अंगनात बसून वांगे निवडत व्हते वैनीसंग. म्या पाह्यलं ना. आता गोळी सोडली तं भिताडाकडं तोंड करून पडले. मंग नशेत कोन हाये, सांगा."

मामीने आणून दिलेला चहा थंड झाला. मग मामा म्हणाला, "उद्या त्या गोळीवाल्या डॉक्टरीनबाईकडं नेता का मले? ती म्हनन तसं करू. पन तिनं मले खरं सांगाव, गोड गोड नाई."

देऊळघाटच्या वाटेवर

गोळ्या बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यातून मिळाल्या होत्या. पण तिथल्याच एक डॉक्टर, नसीमबाई, आठवड्यातून ठरावीक दिवशी देऊळघाटला आपल्या घरच्या दवाखान्यात बसतात, आणि सुदैवाने तो दिवस उद्याचाच होता. मी त्याच संध्याकाळी त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरी देऊ नका. किती दिवसांची गॅप आहे ते बघून मी ठरवते. आधीचाच डोस एकदम दिला तर जास्त होऊ शकतो. पाणी पाजत राहा. आणि रात्रीतून काही जास्त वाटलं तर थांबू नका, बुलढाण्याला घेऊन जा."

सकाळी व्हॅनच्या मधल्या बाकावर गादी टाकून आम्ही मामाला आडवं केलं. मी त्याच्या डोक्याशी, शीला पायाशी. चिखलीच्या पुढे रस्ता चांगला आहे म्हणतात. दुखणाऱ्या माणसाचं डोकं मांडीवर असलं की तसा एकही रस्ता चांगला नसतो. सुपडाभाऊ प्रत्येक उंचवट्याआधी "दादा, आला हां" असं ओरडून सांगायचा. मामा डोळे मिटून हूं म्हणायचा.

बुलढाण्याच्या अलीकडे मामा एकदम उठून बसला. "गाडी थांबव. लवकर."

गोळी थांबली की पोटही सुटतं. सुपडाभाऊने गाडी हरभऱ्याच्या शेताकडेला घेतली आणि त्याला आधार देऊन बांधाआड नेलं. शीला आणि मी तोंड दुसरीकडे करून उभ्या राहिलो. तेवढ्यात शेतातून एक बाई विळा घेऊन तरातरा आली.

"काऊन वं, घाटे तोडाले थांबले का? रोज एक गाडी थांबते इथं! तुमच्या बापाचं वावर हाये का?"

"मावशी, आमच्या बापालेच घेऊन चाललो दवाखान्यात," शीला म्हणाली आणि बांधाकडे हात केला.

बाईने पाहिलं. मामा सुपडाभाऊच्या खांद्याला धरून, धोतर सावरत, एकेक पाऊल येत होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता. बाई झाडाखालची पाण्याची कळशी घेऊन आली. तिने मामाच्या हातांवर पाणी घातलं, मग पायांवरही घातलं, आणि जणू तो तिच्या घरी पाहुणा आला होता अशा आवाजात म्हणाली, "कोन्या गावचे बाप्पा तुमी?"

मामाने गाव सांगितलं. बाईची नणंद त्याच बाजूला दिलेली निघाली. निघताना तिने घाट्यांचे चांगले दोन मोठे डहाळे खिडकीतून आत टाकले.

देऊळघाट

बुलढाणा उंचावर, तिथली हवा थंड. देऊळघाटकडे निघालो तसा वारा अंगाला मऊ लागायला लागला. पैनगंगेच्या पात्रात पाणी बेताचंच होतं आणि काठाकाठाने भाजीचे हिरवे पट्टे. गावात शिरलं की दुकानांच्या पाट्यांवर मराठीशेजारी उर्दू दिसते. दवाखाना एका घराच्या पुढच्या खोलीत होता.

नसीमबाई पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्यांनी खुर्ची सोडली आणि मामाच्या बाकाशेजारी स्टुलावर येऊन बसल्या.

"चाचा, दर्द कुठे आहे? सगळीकडे म्हणू नका. बोट ठेवा."

मामाने कमरेवर, मग मांडीच्या हाडावर बोट ठेवलं. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली, जीभ पाहिली, किती दिवस झाले ते विचारलं. मग मामाने त्याचा प्रश्न विचारला, सरळ.

"बाई, मले नशा लागली का?"

"तुम्ही गोळी लपवून खात होता?"

"नाई."

"लिहून दिली त्याहून जास्त खाल्ली कधी? मजा येते म्हणून?"

"मजा कायची! पोट कडक होते तिच्यानं."

नसीमबाई हसल्या नाहीत. "मग ऐका. शरीराला सवय झाली, ही एक गोष्ट. जीव तिच्यामागे धावतो, ही वेगळी गोष्ट. बीपीची गोळी एकदम सोडली तर बीपी उसळतं. त्याला तुम्ही नशा म्हणणार का? सवय तुम्हाला झालेली आहे, ते मी नाही म्हणत नाही. दर्द उद्या गेला तर मी हीच गोळी हळूहळू कमी करून बंद करून देईन. पण चाचा, हा दर्द जाणारा नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

शीलाने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

"नाई," मामा म्हणाला. "पन मले मालूम व्हतं."

"तर मग उरलेले दिवस कसे घालवायचे, ते तुम्ही ठरवा. गोळी घ्यायलाच पाहिजे अशी जबरदस्ती मी करणार नाही."

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. पाय अजून हलत होते. त्या क्षणी मला उठून बाहेर पळावंसं वाटत होतं. तो नाही म्हणाला तर मी काय करणार, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी पडद्यावरच्या रेषेकडे पाहिलं होतं. ती मला कधी हो-नाही म्हणाली नव्हती.

"द्या," मामा म्हणाला.

बाईंनी पूर्वीपेक्षा कमी डोसाने सुरुवात केली, तो कसा वाढवायचा ते मामीला फोनवर दोनदा सांगितलं, पोट साफ राहायचं औषध रोज घ्यायला लावलं. पहिली गोळी मामाने तिथेच घेतली, आणि बाईंनी आम्हाला तिथेच थांबवून ठेवलं. जेवायला त्यांच्या घरातूनच रोट्या आणि मेथीची भाजी आली. सुपडाभाऊने पोटभर खाल्लं. मी दारात उभी राहून मामाच्या पावलांकडे बघत होते. आधी डावं थांबलं. मग पुष्कळ वेळाने उजवं. कपाळावरच्या रेघा एकेक करून सैल झाल्या. तो झोपला नाही, नुसता शांत पडून राहिला, आणि मग म्हणाला, "मेथीचा वास येऊन राह्यला. मले काऊन नाई देल्ली?"

शीला रडत रडत हसली आणि त्याला भरवायला बसली. त्या घाईच्या सगळ्या प्रवासात मी पहिल्यांदा भिंतीला टेकून खाली बसले.

सभा

सभा दोनच दिवसांवर होती. मामा अजून दुखण्यातून पूर्ण बाहेर आला नव्हता; डोस हळूहळूच वाढवायचा होता. आम्ही सगळ्यांनी त्याला घरी राहायला सांगितलं. त्याने मामीला फेटा काढायला सांगितला.

ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एका बाजूला दाटीने बसलेल्या. भास्कर पुढेच उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पस्तिशीचा, दिसायला काही वाईट माणूस वाटला नाही. दुकानाने गावात चार पैसे येतील, पोरं चिखलीला जाऊन पितात आणि तशीच गाडी चालवत येतात ते थांबेल, असं तो बोलला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मग कोणीतरी म्हणालं, उत्तमरावांना बोलू द्या.

सुपडाभाऊ आणि मी दोन्ही बाजूंनी धरून मामाला उभं केलं. मला वाटलं, तो दारूबद्दल बोलेल.

"भास्कर म्हन्ला ते खरं हाये," मामा म्हणाला. "मी अफूची गोळी खातो."

बायांमध्ये कुजबुज झाली. मामी माझ्यापुढेच बसली होती. तिची मान ताठ झाली.

"डॉक्टरनं लिहून देल्ली. हाडं दुखतेत म्हनून खातो. लाजेपायी मधात बंद केली, तं मासोळीवानी तडफडलो, हे माह्या घरच्यायनं पाह्यलं. आता परत सुरू केली. मरेपर्यंत खाईन. मांगून बोलाची काई गरज नाई, मीच तोंडावर सांगून राह्यलो." त्याने दम घेतला. "हे झालं माह्यं. आता दुकानाचं बोला."

आणि तो खाली बसला.

पुढे बायांनी काय ते केलं. हात वर झाले, दुकानाला नकार मिळाला. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी भास्करकडे पाहत होते. तो हरल्यासारखा दिसत नव्हता. तो मामाकडे बघत होता, असं की त्याला काहीतरी विचारायचं आहे आणि इथे ते विचारता येत नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. मामीने शिदोरीत ठेचा, दशम्या आणि घाट्यांची उसळ बांधली होती. सुपडाभाऊ मला चिखलीला सोडणार होता. गाडी दारात लागली तेव्हा गोठ्यापाशी भास्कर उभा दिसला. कालचाच शर्ट, चुरगळलेला. तो आतही येत नव्हता आणि जातही नव्हता.

मामीने त्याला पाहिलं आणि हातातलं भांडं जरा जोरातच ठेवलं.

"काय रे?" मामाने खाटेवरून विचारलं.

"काका," भास्कर म्हणाला आणि थांबला. नखाने गोठ्याच्या लाकडाची साल काढत राहिला. "माह्या मायले छातीचा कॅन्सर हाये. लय दिवसाचा. आमी कोनाले सांगतलं नाई. ती उशी तोंडात धरते, शेजारी आवाज जाऊ नये म्हनून." त्याने हातातली साल खाली टाकली. "ती गोळी... कुठं भेटते?"

मामी आतून बाहेर आली होती. शीला, सुपडाभाऊ, मी, सगळे मामाकडे बघत होतो. मला वाटलं, आता तो पारावरचं बोलणं काढेल. काढलं असतं तर मी त्याला काही म्हटलं नसतं.

"अशी गोळी कोनी हातात देत नाई," मामा म्हणाला. "डॉक्टरीनबाईले दाखवा लागते. आज बसते ती देऊळघाटले?"

"नाही, पण बुलढाण्यात भेटतील. मी फोन करते," मी म्हणाले आणि लगेच लावला. नसीमबाई म्हणाल्या, घेऊन या, बघते. आजच्या आज गोळी मिळेल असं नाही, पण रस्ता काढू.

"घेऊन ये तुह्या मायले," मामा भास्करला म्हणाला. "गाडी उभीच हाये. मी बी येतो संग."

"तुमी कुठं जाता या तब्येतीत!" मामी म्हणाली.

"तिले भेव वाटन वं. मले माहीत हाये ना तिथलं." आणि त्याने मामीकडे हात पुढे केला, फेट्यासाठी. मामी क्षणभर तशीच उभी राहिली. मग फेटा आणायला आत गेली.

भास्करची आई चादरीत गुंडाळलेली, इतकी लहान झालेली की त्याने तिला एकट्यानेच उचलून आणलं. मधला बाक तिला दिला, भास्कर तिच्या पायाशी बसला. मी मागे बसले, मामा पुढे, सुपडाभाऊच्या शेजारी. चिखलीपर्यंत गाडी उडाली की आजी ओठ आवळायच्या, तोंडात पदराचा बोळा धरायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं आणि आवाज मात्र काहीच नाही.

स्टँडवर मी उतरले. खिडकीतून मामाने हात हलवला, मग खूप कष्टाने, दोन्ही हातांनी सीट धरून मागे वळला. गाडी निघाली तेव्हा त्याचं बोलणं मला ऐकू आलं. तो आजींना म्हणत होता, "माय, तो पदर काढ तोंडातून. दुखते तं मोठ्यानं सांग. इथं कोनी हासत नाई."